परभाषेतील बुडी आणि मायबोलीचा काठ

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक इयत्तांत फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, जपानी आदी परकीय भाषा शिकण्यास वाट मोकळी ठेवली आहे. मुलीने फ्रेंच घ्यावे की स्पॅनिश, हा प्रश्न आपल्या घरांतूनही आता निघू लागला आहे, आणि त्याच्या जोडीने ‘इमर्शन’ हा शब्दही कानी येतो. इमर्शन म्हणजे बुडी. भाषा हा निराळा विषय न मानता तिच्यातूनच इतिहास, भूगोल, गणित शिकवावयाचे. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, हेच त्यामागचे तत्त्व.

आम्हां बडोदेकरांना हे तत्त्व काही नवे नाही. गुजराती आपल्यापैकी किती जण पुस्तकातून शिकले? ती गल्लीत खेळता खेळता आणि भाजीवालीशी घासाघीस करता करता आली. परंतु शाळेच्या चार भिंतींत हे साधते काय, आणि साधल्यास कोणत्या अटींवर, हे पाहावयाचे तर कॅनडाकडे वळले पाहिजे.

मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे 1965 साली काही इंग्रजी भाषिक पालकांनी आग्रह धरून बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकविणारा वर्ग सुरू करविला. क्विबेक प्रांत बहुसंख्य फ्रेंच भाषिकांचा. आणि शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंचचे तास होऊनही आपल्या मुलांना शेजाऱ्याशी धड बोलता येत नाही, ही त्यांची तक्रार होती. मॅक्‌गिल विद्यापीठाचे वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांची प्रगती अनेक वर्षे तपासली. फ्रेंच तर पुष्कळ सुधारलेच. पण इंग्रजी खालावले नाही आणि गणितही मागे पडले नाही. पुढे सहावी-सातवीपासून आरंभ होणारे वर्गही निघाले, आणि थोराड वयातही ही बुडी मारता येते हे दिसून आले. आज त्या देशात चार लाखांहून अधिक मुले अशा वर्गांत शिकतात.

तथापि चित्राला दुसरी बाजूही आहे. टोरांटोच्या मेरिल स्वेन यांनी 1985 साली दाखविले, की ही मुले फ्रेंच ऐकून व वाचून उत्तम समजतात, पण बोलताना व लिहिताना व्याकरणात चुकतात. कारण वर्गात बोलतात ते शिक्षक. मुले एकदोन शब्दांत उत्तर देऊन मोकळी होतात. फ्रेंचमध्येही आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद आहे. वर्गात कानांवर ‘तू’च अधिक पडतो, त्यामुळे जेथे आदरार्थी रूप हवे तेथेही ही मुले ‘तू’ म्हणून जातात. भाषा कळली, पण रीतभात निसटली! शिवाय हायस्कुलाच्या वरच्या इयत्तांत फ्रेंचमधून शिकविले जाणारे विषय कमी होतात, मुले गळतात आणि योग्य शिक्षकांचा तुटवडा तर नित्याचाच.

स्पॅनिशची कथा अधिक बोलकी आहे. अमेरिकेत मायामीच्या कोरल वे शाळेत 1963 साली क्यूबाहून आलेल्या निर्वासितांची मुले आणि इंग्रजी बोलणारी मुले दोन्ही भाषांतून शिकू लागली. 1971 साली कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटीने सेंट लॅम्बर्टच्या धर्तीवर इंग्रजी भाषिक मुलांसाठी स्पॅनिश वर्ग काढला. त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1998 साली मात्र घरी स्पॅनिश बोलणाऱ्या व इंग्रजी कच्चे असलेल्या मुलांचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतूनच व्हावे असा कायदा केला. तो 2016 च्या मतदानाने मागे घेतला गेला. इंग्रज मुलाचे स्पॅनिश हे भूषण आणि स्पॅनिश मुलाचे स्पॅनिश ही अडचण, असा हा न्याय!

लॅम्बर्ट यांनी या भेदाचे मर्म नेमके सांगितले आहे. एक द्वैभाषिकत्व भर घालणारे असते, दुसरे वजा करणारे. सेंट लॅम्बर्टच्या मुलांची मायबोली घरात, बाजारात, वर्तमानपत्रात सर्वत्र भक्कम होती. म्हणून फ्रेंच तिच्यावर चढलेला मजला ठरला. ज्यांच्या मायबोलीला शाळेत व समाजात मान नाही, त्यांच्या बाबतीत नवी भाषा जुनीच्या जागी येऊन बसते.

आता आपल्याकडे पाहावे. आपली नातवंडे तिसऱ्या वर्षापासून इंग्रजी शाळेत जातात. बाहेर गुजराती, पडद्यावर हिंदी; मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि सणासुदीला. बुडी त्यांनी केव्हाच मारली आहे. प्रश्न आहे तो काठाचा. मराठी बोलणाऱ्या राजाच्या या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या गुजराती शिकूनही आपली मराठी बुडाली नाही, कारण घरात ती वाचली जात होती, लिहिली जात होती. आज ती केवळ बोलण्यापुरती उरते आहे, आणि स्वेन यांच्या मुलांप्रमाणे कळण्यापुरती उरण्यास फार काळ लागणार नाही.

म्हणून परकीय भाषेला नकार देण्याचे कारण नाही. शाळेला मात्र दोन प्रश्न अवश्य विचारावेत: त्या भाषेतून कोणता विषय शिकविता, आणि मूल स्वतः किती बोलते व लिहिते? तिसरा प्रश्न आपण आपल्याला विचारावा. फ्रेंच घेणाऱ्या त्या मुलीला आजीला मराठीत चार ओळींचे पत्र लिहिता येते काय? येत नसेल, तर फ्रेंचच्या शिकवणीबरोबर घरातली ही शिकवणीही याच सुटीत सुरू करावी. तिला फी पडत नाही.