कर्जखात्याचा सातबारा तपासला का?



रोहिणी नक्षत्र लागले की आपली पावले बियाण्याच्या दुकानाबरोबर बँकेकडेही वळतात. कोणाला पीककर्ज नवे-जुने करायचे असते, कोणाला पाइपलाइन टाकायची असते, कोणाला जुना ट्रॅक्टर देऊन नवा घ्यायचा असतो. साहेब संगणकात डोकावतात आणि म्हणतात, "तुमचे सिबिल खराब आहे." एवढ्या चार शब्दांवर माणूस खाली मान घालून माघारी येतो. काय खराब आहे, कोणी केले, कधी केले, हे विचारायचे त्याला सुचत नाही. शेतीखात्याच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे तुम्हाला वाटेल. पण वाणाची निवड कितीही पटवून दिली, तरी पेरणीच्या वेळी हातात पैसा नसेल तर ते सांगणे वाया जाते.

आधी सिबिल म्हणजे काय ते पाहू. आपल्या जमिनीची नोंद जशी सातबाऱ्यावर असते, तशी आपल्या कर्जाची नोंद काही कंपन्यांकडे असते. सिबिल ही त्यांतली पहिली, 2000 साली निघालेली. आज अशा चार कंपन्या आहेत आणि 2005 च्या कायद्याने त्यांचे काम चालते. बँका व फायनान्स कंपन्या त्यांना माहिती पुरवतात. कर्ज किती, हप्ता कधी भरला, किती दिवस थकला, हे सारे त्यात येते. त्यावरून 300 ते 900 पर्यंत गुण पडतात. साधारण 750 च्या पुढे असले की बँका खूश असतात.

आता सातबाऱ्यावर चुकीचा बोजा लागतो, तशी येथेही चूक होते. माझ्या माहितीतल्या एका द्राक्ष बागायतदाराने ट्रॅक्टरचे सगळे हप्ते भरले होते. पण दंडव्याजाचे काही किरकोळ रुपये खात्यावर राहिले आणि कंपनीने ते कधी कळवलेच नाहीत. कागदावर मात्र तो वर्षानुवर्षे थकबाकीदार. दुसऱ्या एका गावात नाव आणि आडनाव सारखे असल्याने एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर दिसत होते. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, तो जामीनदाराचा. पाहुण्याच्या कर्जावर आपण सही करतो आणि विसरून जातो. पाहुण्याचा हप्ता थकला की डाग आपल्याही उताऱ्यावर पडतो. जामीन राहणे म्हणजे शेजारधर्म नव्हे, ते कर्जच आहे, असे मी नेहमी सांगतो. लोकांना ते रुचत नाही.

कर्जमाफीत बसलेल्यांनीही गाफील राहू नये. 2017 ची शिवाजी महाराजांच्या नावाची योजना असो की 2019 ची महात्मा फुले यांच्या नावाची, पैसे बँकेत जमा झाले म्हणजे उताऱ्यावरील नोंद बदललीच असे धरून चालू नका. पाहून घ्या.

पाहायचे कसे? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपल्याला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकला की अहवाल मिळतो. आपण स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. पण एकाच महिन्यात चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले, तर त्या प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि ती अंगाशी येते. अहवाल इंग्रजीत असतो, तेव्हा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. आधी नाव, पॅन, पत्ता ताडून पाहा. मग एकेक खाते. प्रत्येक महिन्यापुढे आकडे असतात. तीन शून्ये म्हणजे हप्ता वेळेवर. 30, 60, 90 म्हणजे तितके दिवस थकला. खात्यापुढे 'क्लोज्ड' असेल तर उत्तम. 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' असेल तर तोच डाग समजा.

चूक सापडली की कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा. त्याला पैसे पडत नाहीत. मात्र कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही, ती बँकेला विचारते. म्हणून त्याच दिवशी बँकेलाही लेखी अर्ज द्या. सोबत बेबाकी दाखला, खातेउतारा आणि पावत्यांच्या नकला जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेला 21 दिवस आणि एकूण कामाला 30 दिवस अशी मुदत आहे. त्यापुढे उशीर झाला तर 26 एप्रिल 2024 पासून दररोज 100 रुपये भरपाई अर्जदाराला द्यावी लागते. हे बँकेत शांतपणे बोलून दाखवा, पुष्कळदा तेवढ्याने फाईल हलते. तरी दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे आणि लेखी तक्रार मराठीतही चालते.

आता खरीच थकबाकी असेल तर? ती कोणी पुसू शकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी काही जण "पाच-दहा हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणून फिरतात. त्यांना पैसेही देऊ नका आणि मोबाइलवर आलेला ओटीपी तर मुळीच सांगू नका. इलाज एकच, बँकेत बसून हिशेब मिटवायचा. येथे एक मेख आहे. एकरकमी तडजोडीत व्याज सुटते, मूळ रकमेतही काही सूट मिळते, पण बहुधा उताऱ्यावर 'सेटल्ड' असा शेरा पडतो. ही माहिती कायद्याने किमान सात वर्षे जपून ठेवायची असते. ज्याला पुढे घर किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज घ्यायचे आहे, त्याने शक्य असल्यास पूर्ण रक्कम भरून 'क्लोज्ड' शेरा घ्यावा. तडजोड आधीच झाली असेल, तर सूट मिळालेली रक्कम भरून शेरा बदलून मिळेल का, हे शाखेत लेखी विचारा. आणि ज्याच्याकडे खरोखर पैसाच नाही, त्याने सातबारा वाचवायला तडजोड केली तर त्यात कमीपणा मानू नये.

पाऊस दगा देतो त्या वर्षी गप्प बसणे हीच मोठी हानी. दुष्काळ किंवा गारपीट जाहीर झाली की कर्जाच्या पुनर्गठनासाठी मुदतीत अर्ज द्या. थकलेले खाते आणि पुनर्गठन केलेले खाते यांत उताऱ्यावर फरक पडतो.

खाते मिटल्यावर गुण एका रात्रीत वाढत नाहीत. लहानसे कर्ज घेऊन मार्चअखेरच्या आत वेळेवर फेडत राहिले, की हळूहळू वर चढतात. तोवर पीककर्ज अडवले जात असेल, तर मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका असे बँकांना बजावले होते, त्याची आठवण द्या. तरी नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागा आणि ते पत्र घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला भेटा.

भगिनींनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. गटातून किंवा आठवडी हप्त्याच्या कंपनीकडून घेतलेले कर्ज तुमच्या स्वतःच्या नावावर नोंदले जाते. पैसा घरच्या विहिरीला लागला असला तरी उतारा तुमचाच असतो. मालकांचा अहवाल काढाल त्या दिवशी आपलाही काढून घ्या.