दावोसचे आकडे आणि हरेगावची जमीन

जानेवारी उजाडला की आमच्या महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना स्वित्झर्लंडच्या बर्फाची ओढ लागते. कोट चढवायचे, दावोस गाठायचं, फायलींची अदलाबदल करत फोटो काढायचे आणि इकडे गुंतवणूक करारांचा आकडा फेकायचा. जानेवारी २०२५ मध्ये हा आकडा होता सुमारे १५ लाख ७० हजार कोटी रुपये. त्यातले ३ लाख ५ हजार कोटी रिलायन्सचे आणि ३ लाख कोटी जेएसडब्ल्यूचे. पहिल्याच करारांत पुण्याचा कल्याणी समूह! रिलायन्सची कचेरी नरिमन पॉइंटला, मंत्रालयातून चालत जावं इतकी जवळ. तिथल्या माणसाची सही घ्यायला आल्प्स पर्वत कशाला लागतो? सरकारचा खुलासा असा, की बहुतेक करारांत परकी पैसा आहे. असेल. पण सामंजस्य कराराने कुणीही बांधला जात नाही, हे सही करणाऱ्या दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त इथे टाळ्या वाजवणाऱ्याला.

बरं, जो पैसा खरोखर येतो त्याचा हिशेब पाहू. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये देशात ८१ अब्ज डॉलरची थेट परकी गुंतवणूक आली. वाजवा तुताऱ्या! पण त्याच वर्षी आधीच्या गुंतवणूकदारांनी ५१ अब्जांहून जास्त काढून नेले, आणि आपल्याच कंपन्यांनी २९ अब्जांच्या आसपास परदेशात गुंतवले. निव्वळ उरलं किती? जेमतेम ३५ कोटी डॉलर. अर्धा अब्जसुद्धा नाही. रिझर्व्ह बँक म्हणते, हे बाजार परिपक्व झाल्याचं लक्षण. मान्य, पैशाला यायची मुभा असेल तर जायचीही हवी. मग आलेला आकडा फ्लेक्सवर आणि गेलेला आकडा तळटीपेत का? आमच्या राहात्याच्या बाजार समितीतली पट्टी याहून प्रामाणिक असते. तिच्यावर मालाची रक्कम लिहितात, तशी हमाली, तोलाईही लिहितात, आणि शेतकरी खालचाच आकडा खिशात घालून घरी जातो.

आम्हा नगर जिल्ह्यातल्या माणसांना परकी भांडवल नवीन आहे, असं कुणी समजू नये. दावोसचं नावही इथे कुणी ऐकलेलं नव्हतं तेव्हा ते राहात्याशेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात येऊन बसलं होतं. हरेगावची बेलापूर कंपनी. कारभार गोऱ्यांच्या ब्रॅडी कंपनीकडे. १९१८ मध्ये इंग्रज सरकारने नऊ गावांतली सात हजारांहून जास्त एकर जमीन शेतकऱ्यांकडून तीस वर्षांच्या बोलीवर घेतली आणि कंपनीच्या हवाली केली. कारखाना उभा राहिला, ऊस पिकला, साखर निघाली. त्या काळच्या कुठल्याही अहवालात ही ‘वाढ’ दणदणीत दिसली असती. तीस वर्षं संपली. इंग्रज गेला. जमीन मात्र तेव्हा परत आली नाही. ती सरकारच्या शेती महामंडळाकडे वळली आणि ‘आकारी पडीक’ या सरकारी शिक्क्याखाली अडकली. ज्यांची जमीन, त्यांची नातवंडं-पतवंडं मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या करत म्हातारी झाली. करारात मुदत होती. ती पाळायला लावणारं कुणी नव्हतं.

आता याच मुलखातलं दुसरं उदाहरण घ्या. राहाता तालुक्यातलं लोणी. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ बसले, भांडवलासाठी सरकारी वित्तसंस्थेचं कर्ज घेतलं आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा कारखान्याचं गाळप सुरू झालं. बराचसा पैसा इथेही बाहेरचाच होता, कर्जाचा होता. पण अटी उसाच्या मालकाने घातल्या होत्या. म्हणून त्या साखरेतून शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, कॉलेजं निघाली. पुढे सहकाराची आपणच माती केली, हेही खरं. राहात्याजवळचा गणेश कारखाना बंद पडून दुसऱ्यांना चालवायला द्यावा लागला, तो कुणा परदेशी कंपनीमुळे नव्हे. तो दोष आपल्या पुढाऱ्यांचा आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपला.

भांडवलाला गोरा किंवा काळा रंग नसतो, त्याला अटी असतात. अर्थशास्त्रज्ञांनाही हेच दिसलं. बोरेन्स्टाइन, दे ग्रेगोरिओ आणि ली यांचा १९९८ चा गाजलेला अभ्यास सांगतो, की परकी गुंतवणुकीने विकास वाढतो, पण यजमान देशात पुरेसं शिकलेलं मनुष्यबळ असेल तरच. मारुतीत सुझुकी आली तेव्हा सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायची अट होती. त्यातून देशी पुरवठादारांची अख्खी पिढी तयार झाली. आणि दाभोळला? एन्रॉन कंपनीच्या प्रकल्पातल्या विजेचा दर डॉलरला बांधला. हा प्रकल्प परवडणार नाही, म्हणून जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारलं होतं. १९९५ मध्ये ‘अरबी समुद्रात बुडवतो’ म्हणत शिवसेना-भाजप युतीने तो रद्द केला आणि १९९६ मध्ये त्याच युतीने पुन्हा गळ्यात बांधून घेतला. २००१ मध्ये वीज मंडळाने ती महागडी वीज घेणं थांबवलं आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनने दिवाळं काढलं. तेव्हाही प्रश्न विचारणाऱ्याला विकासविरोधी म्हणत होते. आजही तीच शिवी चालू आहे.

राहात्याच्या पेरूची गोष्ट तर अजून संतापाची. २०१२ मध्ये किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी गुंतवणुकीला दार उघडताना किती स्वप्नं दाखवली! निम्मा पैसा शीतगृहं, प्रतवारी, वाहतूक यांत जाईल म्हणे. महाराष्ट्राने लगेच मान डोलावली. प्रत्यक्षात टाटांच्या ट्रेंटबरोबर टेस्को आली, बाकी मोठी रांग लागलीच नाही. पेरू कसा असतो बघा: सकाळी झाडावरून उतरवलेलं, हिरवट पिवळं, देठाला पान असलेलं फळ संध्याकाळी कॅरेटच्या तळाशी मऊ पडायला लागतं. दोन दिवसांत डाग. त्याला थांबायला वेळ नसतो, म्हणून भाव पडला तरी शेतकरी विकतो. गावाजवळ थंड खोली हवी होती. ती बांधायला ना टेस्को लागते ना दावोस. सरकारला ते जमलं नाही, कारण शीतगृहाच्या दारात उभं राहून जागतिक नेत्यासारखा फोटो येत नाही.

आता शिर्डीजवळ सावळीविहीरला शेती महामंडळाच्याच जमिनीवर औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. उद्योग यायलाच हवेत. इथली आयटीआय झालेली पोरं चाकणला आणि रांजणगावला खोल्या भाड्याने घेऊन कंत्राटी कामावर राबतात, ती घरी यायला हवीत. म्हणूनच उद्या तिथे देशी वा परदेशी कुठलीही कंपनी आली, तर तिचा करार मराठीत छापा आणि सावळीविहीरच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. जमीन किती वर्षांसाठी, पाणी कुणाच्या वाट्याचं, कायम कामगार किती, आणि कंपनी गेली तर जमीन कुणाची, एवढं त्यात स्पष्ट लिहा. जो मंत्री हे चार मुद्दे सांगायला तयार नाही, त्याच्या लाखो कोटींना टाळी वाजवू नका.