पेनड्राइव्ह, मॅक आणि एक ठिपका

अनेक नव्या मदरबोर्डांच्या मागे एक छोटं बटण असतं. प्रोसेसर नको, रॅम नको, स्क्रीन नको. वीज जोडायची, ठरलेल्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह खोचायचा, बटण दाबायचं, की बायोस अपडेट होतं. फक्त फाइलच्या नावाबद्दल मदरबोर्ड कंपन्या हट्टी. एमएसआयला ‘एमएसआय डॉट रॉम’ हवं, गिगाबाइटला ‘गिगाबाइट डॉट बिन’. सगळं जमलं तर तिथला दिवा काही मिनिटं लुकलुकत राहतो. फाइल सापडली नाही तर लुकलुकणं थोड्याच वेळात थांबतं. मग माणूस पोर्ट बदलून बघतो, दुसरा पेनड्राइव्ह आणतो, शेवटी कंपनीचा उद्धार करतो. पेनड्राइव्ह मॅकवर तयार केलेला असेल, तर आधी मॅकची झडती घ्यावी.

कारण मॅक फार काळजीवाहू आहे आणि अपडेट घेणारं उपकरण फार अडाणी. फर्मवेअर, म्हणजे बायोससारखं उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर, बदलताना उपकरणाची नेहमीची प्रणाली सहसा चालू नसते. जागा असतो तो बूटलोडर नावाचा छोटासा प्रोग्राम. त्याला फाइल वाचण्यापुरतं जुजबी शिक्षण दिलेलं असतं. अशा छोट्या चिपांसाठी ‘फॅटएफएस’ नावाची एक फुकट आणि लोकप्रिय लायब्ररी आहे. चॅन या नावाने लिहिणाऱ्या जपानी अभियंत्याची. तिच्यात लांब फाइलनावं, एक्सफॅट ही फाइली मांडायची पद्धत आणि डिस्कचे कप्पे पाडणारं जीयूआयडी पार्टिशन या तिन्ही सोयी मुळात बंद असतात. उपकरण बनवणाऱ्याने चालू केल्या तरच मिळतात. न केल्यास उरतं काय? आठ अक्षरी नाव, तीन अक्षरी शेपूट आणि फॅट32 ही फाइली मांडायची 1996 सालची पद्धत.

फॅट32 मध्ये एका फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे, पण फर्मवेअर सहसा त्याच्या आसपासही जात नाही. अडतं ते दुसरीकडे. मॅकवर डिस्क युटिलिटी उघडली की डाव्या बाजूला पेनड्राइव्हचं नाव दिसतं, माणूस त्यावरच ‘इरेज’ दाबतो आणि ‘एमएस-डॉस (फॅट)’ निवडून मोकळा होतो. पण त्या यादीत दिसतो तो आतला कप्पा, अख्खा पेनड्राइव्ह नव्हे. ‘व्ह्यू’ मेन्यूतून ‘शो ऑल डिव्हायसेस’ केलं की वरची, खरी ओळ दिसते. ती निवडली तरच ‘स्कीम’चा पर्याय येतो आणि तिथे ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ निवडायचं असतं. तिथे ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ राहिलं, तर मॅक पेनड्राइव्हच्या सुरुवातीला 200 एमबीचा ईएफआय नावाचा छुपा कप्पा करून ठेवतो. फाइंडरमध्ये तो दिसत नाही. उपकरणाला मात्र कधीकधी तोच पहिला आणि एकमेव वाटतो. तो उघडतं, आत फाइल नाही, विषय संपला.

एवढं करूनही घोटाळा होतो, आणि तो जास्त गमतीचा आहे. 1984 च्या पहिल्या मॅकपासून तिथे एका फाइलचे दोन भाग असायचे: एकात मजकूर, दुसऱ्यात चिन्हं, मेन्यू वगैरे साधनसामग्री. परक्या डिस्कवर हा दुसरा भाग ठेवायला जागा नसते, म्हणून तो वेगळ्या फाइलीत घालायची पद्धत पडली. नाव मूळ फाइलचंच, फक्त पुढे एक ठिपका आणि एक अंडरस्कोअर. तो जमाना गेला, पद्धत राहिली. आज ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलला मॅक ‘ही बाहेरून आली आहे’ अशी चिठ्ठी लावतो. ती फाइल फॅट32 वर टाकली की चिठ्ठी त्या ठिपकेवाल्या जुळ्या फाइलीत जाते. आकार साधारण 4 केबी, शेपूट मात्र तेच: डॉट बिन.

एंडर-3 व्ही2 सारख्या थ्रीडी प्रिंटरचा बूटलोडर फर्मवेअरचं ठराविक नाव विचारत नाही. आधीपेक्षा वेगळ्या नावाची डॉट बिन फाइल त्याला चालते. तिथे पेनड्राइव्हऐवजी मेमरी कार्ड असतं, पण भानगड तीच. एका कार्डावर दोन डॉट बिन फाइली, त्यातली एक फर्मवेअरच नाही, आणि मालकाला फाइंडरमध्ये एकच दिसते! कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबले की लपलेलीही दिसू लागते. याउलट प्लेस्टेशन 5 ला ‘पीएस5’ फोल्डर, त्यात ‘अपडेट’ फोल्डर, त्यात ठरलेल्या नावाची फाइल एवढंच हवं असतं आणि त्याला एक्सफॅटही चालतं. सगळेच असे समंजस नसतात.

उपाय सोपा आहे. टर्मिनलमध्ये ‘सीपी’ ही आज्ञा उणे चिन्ह आणि मोठ्या एक्ससह दिली, तर चिठ्ठीशिवाय नुसती फाइल जाते. आधीच कॉपी केली असेल तर ‘डॉट अंडरस्कोअर क्लीन’ ही आज्ञा उणे एमसह चालवली की जुळी फाइल उडते. टर्मिनलला हात लावायचा नसेल, तर लपलेल्या फाइली दाखवून हाताने काढाव्यात. नाव बदलताना शेपटाकडेही बघावं. फाइंडर ते लपवत असेल, तर दिसणारं नाव आणि खरं पूर्ण नाव वेगळं असू शकतं. ‘गेट इन्फो’मध्ये पूर्ण नाव दिसतं. साफसफाई सगळ्यात शेवटी करायची, लगेच इजेक्ट करायचं आणि मगच पेनड्राइव्ह ओढायचा. इजेक्ट होईपर्यंत फाइलचा काही भाग मॅकच्या मेमरीतच पडून असू शकतो.