तापातील पाणी व रक्तातील मीठ



पावसाळा सरता सरता रामपायलीच्या परिसरात धानाची शेते निसवू लागतात, आणि त्याच सुमारास घराघरांत ताप शिरतो. बालाघाट जिल्ह्याचा बैहरकडील जंगलपट्टा तर हिवतापासाठी पूर्वापार ओळखला जातो. अशा वेळी उशाशी बसलेली माय लेकराला पुन्हा पुन्हा पाणी पाजते. तान्हेल्यास पाणी देणे हे दयाकृत्यांपैकी एक होय. ते डोळसपणे घडावे, म्हणून आज चार शब्द लिहीत आहोत.

सोडियम हा मिठाचा एक घटक. निरोगी रक्तात तो दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असतो. हे प्रमाण राखण्यासाठी विधात्याने मेंदूच्या तळाशी एक चिमुकली व्यवस्था ठेविली आहे. तेथून निघणारे व्हॅसोप्रेसिन नामक संप्रेरक मूत्रपिंडांस पाणी रोखावयास लावते. एरवी रक्त पातळ होताच ते थांबते व जास्तीचे पाणी लघवीवाटे निघून जाते. परंतु न्युमोनिया, क्षय, मेंदूच्या आवरणाचा दाह, कधी हिवताप, अशा दुखण्यांत ते थांबेनासे होते. मग पाणी अंगातच साठते, आणि वाढत्या पाण्याने आमटी अळणी व्हावी तसे रक्ताचे होते. १९५७ साली श्वार्ट्झ, बार्टर प्रभृती अमेरिकन डॉक्टरांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांत हा विकार वर्णिला. पुढे तो संसर्गजन्य रोगांतही आढळला.

जुलाबांत वाट निराळी असते. तेथे मीठ व पाणी दोन्ही वाहून जातात, आणि भरपाई नुसत्या पाण्याने केली तर सोडियम घटतेच. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखर मिसळलेले पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले.

सोडियम घटले की डोके दुखते, मळमळते. पुढे असंबद्ध बोलणे, गुंगी व झटके येतात. येथेच घरची माणसे फसतात. ‘ताप उतरला, आता निवांत झोप लागली,’ असे म्हणून ती दिवा मालवतात. हाक मारूनही जो नीट जागा होत नाही, तो झोपलेला नसतो! त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. रात्र सरण्याची वाट पाहू नये.

मग पाणी तोडावे काय? मुळीच नाही. तहानेप्रमाणे पाणी, पेज द्यावी. जुलाब असल्यास ओ. आर. एस.ची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवून द्यावी. मात्र बळेच तांब्यावर तांब्या रिचवू नये, आणि मूठभर मीठ चारण्याचे धाडसही करू नये. दोन्ही विकारांचे उपचार भिन्न आहेत, आणि कोणता कोणाचा हे रक्ततपासणीनेच ठरते. सोडियम फार झपाट्याने वाढविल्यास मेंदूस इजा होते. म्हणून ते काम डॉक्टरांचेच.

प्रभूने आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली. चिमूटभर मिठावर किती अवलंबून असते, हे आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यास अधिक उमजेल. प्रार्थना जरूर करावी. पण गाडीही वेळेवर जोडावी.