कॅब कॅलोवे: नुसता नाच्या?

अमेरिकन गायक आणि वाद्यवृंदाचा नायक कॅब कॅलोवेबद्दल जाझच्या सोवळ्या रसिकांचा आक्षेप जुनाच आहे. हा माणूस पांढऱ्या सुटात रंगमंचभर नाचला, 'हाय-डी-हो'ची आरोळी देऊन प्रेक्षकांना ओरडायला लावलं. यात संगीत कुठं आहे? आणि १९४७चा त्याचा 'हाय-डी-हो' हा चित्रपट तर केवळ कृष्णवर्णीयांच्या थिएटरांसाठी काढलेला स्वस्तातला माल!

कॅलोवे नामांकित वादक नव्हता, हे खरं. पण वाद्यवृंदाचा नायक जोखायचा तो त्याच्या ताफ्यावरून. कॅलोवेच्या ताफ्यात बासवर मिल्ट हिंटन होता, सॅक्सोफोनवर चू बेरी, ड्रम्सवर कोझी कोल. १९३९मध्ये त्याने तरुण ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीला घेतलं. १९४१मध्ये दोघांचं भांडण झाल्यावर गिलेस्पीला काढून टाकलं, याचं भांडवल टीकाकार आजही करतात. पण त्याच गिलेस्पीची 'पिकिन द कॅबेज' ही रचना १९४०मध्ये याच ताफ्याने ध्वनिमुद्रित केली होती, हे मात्र ते सोयीस्करपणे विसरतात. नुसत्या नाच्याच्या मागे असे वादक वर्षानुवर्षं टिकत नाहीत.

आता चित्रपट. 'हाय-डी-हो'ची निर्मिती काटकसरीची आहे, उत्तरार्धात कथा बाजूला पडून गाण्यांची रांग लागते. अशा अनेक चित्रपटांमागचं भांडवलही गोऱ्यांचंच असे. हे सगळं मान्य. पण त्या वेळी हॉलिवूडमध्ये काय चाललं होतं? १९३६च्या 'द सिंगिंग किड'मध्ये कॅलोवेसोबत गोरा गायक अल जोल्सन तोंडाला काळं फासून गात होता. कृष्णवर्णीय कलावंतांची गाणी पुष्कळदा कथेपासून सुटी ठेवली जात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या थिएटरांत ती बिनदिक्कत कापता येत.

'हाय-डी-हो'मधून कॅलोवेला कापून दाखवा! तिथे कथाच त्याची आहे: त्याची मत्सरी प्रेयसी, त्याच्या जिवावर उठलेले गुंड, त्याच्यासाठी झेललेली गोळी. कथा भडक असेल, पण ती घडते कृष्णवर्णीयांच्या जगात आणि नायकाला तिथे कुणा गोऱ्याचा आधार लागत नाही. न्यूयॉर्कमधल्या ज्या कॉटन क्लब या नाइट क्लबने १९३१पासून त्याचं नाव गाजवलं, तिथे प्रेक्षक म्हणून कृष्णवर्णीयांना जवळपास मज्जाव होता. या चित्रपटाचं तिकीट मात्र त्यांच्यासाठीच फाडलं जात होतं. कॅलोवेची कारकीर्द तोलताना हे पारडं रिकामं ठेवणाऱ्यांना रसिक म्हणता येईल, न्यायी म्हणता येणार नाही.