लष्कराच्या भाकऱ्या

परदेशात दोन-चार वर्षं सेवाभावानं काम करायला कुणी निघालं की आपल्याकडे पहिला टोला ठरलेला. मेळघाटात पोरं कुपोषणानं मरताहेत, ते टाकून या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो. पण विचारणाऱ्यांपैकी किती जण मेळघाटात राहून आले आहेत, हे उलट विचारून पाहावं; बहुधा बोलणं तिथंच आटोपतं.

हाच प्रश्न 1938 साली सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांना विचारता आला असता. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून शिकलेला तरुण डॉक्टर, आणि सोलापुरात काय रोगराई कमी होती? जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं. सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे मदत मागितली, काँग्रेसाध्यक्ष सुभाषबाबूंनी आवाहन केलं, लोकांनी वर्गणी दिली आणि पाच डॉक्टर निघाले. अटल हे पथकाचे प्रमुख. बरोबर नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि कोटणीस. कागदोपत्री हे पाचही जण इंग्रजांची प्रजा. जगाच्या भांडणात आपण कोणाच्या बाजूचे, हे ठरवण्याचा हक्क प्रजेला नसतो. तो या पाच जणांनी आणि त्यांना वर्गणी देणाऱ्यांनी परस्पर बजावला. आपलं राज्य यायला अजून नऊ वर्षं होती. नागरिक मात्र तयार होते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो मी मान्यच करतो. पैसे भरून दोन आठवडे नेपाळ-कंबोडियात जायचं, अनाथाश्रमाची भिंत रंगवायची, पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढायचे. ही सहल आहे. ती भिंत तिथल्या रंगाऱ्यानं चांगली रंगवली असती, आणि त्याच्या घरात मजुरीही गेली असती. पण नकली नाणं बाजारात आलं म्हणून कोणी खरं फेकून देत नाही. कोटणीस चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. आघाडीजवळच्या खेड्यांत, औषधं आणि हत्यारं अपुरी असताना, त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. वडील गेल्याची बातमी आली तरी परतले नाहीत. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ते रुग्णालय ज्यांच्या नावाचं, ते नॉर्मन बेथून कॅनडाचे. तेही असेच आलेले आणि 1939 मध्ये तिथंच गेलेले. कोटणीसांनी तिथल्याच परिचारिकेशी, गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय 32.

तिसरा आक्षेप कुत्सित आहे: एवढं करून मिळालं काय? 1962 चं युद्धच ना? इथं कोटणीसांचे भक्तही चुकतात. ते लगेच चीनचे तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताओ यांनी मुंबईत कोटणीसांच्या कुटुंबीयांची भेट घेतल्याचा दाखला देतात, जणू त्या भेटीनं युद्धाची वजाबाकी होते. तशी ती होत नाही. सीमेवरचं वैर सरकारांनी केलं, त्याचा हिशेब सरकारांकडे मागावा. डॉक्टरकडे मागायचा हिशेब एवढाच की टेबलावरचा माणूस वाचला की नाही.

आणि मेळघाटवाल्यांना इतकंच सांगायचं की, तिथं आणि परदेशात जाणारी माणसं एकाच जातकुळीची असतात. घरी बसणारे दोन्हीकडे जात नाहीत. म्हणून परिचारिका, डॉक्टर, शिक्षक, पाणलोटाचं काम जाणणारे इंजिनिअर यांनी खुशाल जावं. मात्र निदान दोन वर्षांसाठी जा, भाषा शिकून जा आणि तिथल्या माणसाच्या हाताखाली काम करा. हे जमणार नसेल तर तिकिटाचे पैसे तिथल्या एखाद्या दवाखान्याला पाठवा.