अंगठा आला नाही, पावती पण नाही

दिवाळीत गावी गेलो होतो. (जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. पुण्यातल्या मित्रांसाठी: औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, थोडं पुढे.) शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाबू, कंट्रोलवर येतो का माझ्यासंगं? पोतं उचलंना मला." आमच्याकडे रेशनच्या दुकानाला अजून कंट्रोलच म्हणतात.

काकू एकट्या राहतात. अंत्योदयचं पिवळं कार्ड, म्हणजे महिन्याला ३५ किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. फक्त ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवायचा, पावती निघते, माप घ्यायचं. झालं.

अंगठा ठेवला. नाही आला. दुसरं बोट, तिसरं बोट. दुकानदाराने ओलं फडकं दिलं, बोटं पुसून झाली. मग दुसरा हात. मागे रांग चुळबुळ करायला लागली. दुकानदार म्हणाला, "काकू, थंब येईना बघा तुमचा. दोन दिवसांनी या." काकूंनी हात माझ्यासमोर धरला. महिनाभर कापूस वेचणीला जात होत्या, बोंडांच्या काट्यांनी बोटांची सालटं निघालेली. "काय करू बाप्पा, बोटंच राहिली नाहीत."

मी नोकरीत नेमकं हेच काम करतो, लॉगिन आणि पेमेंटचं. आमच्याकडे चार ग्राहकांचं लॉगिन अडलं तरी रात्री दोनला माझा फोन वाजतो. ओटीपी जात नसेल तर दुसरा मार्ग, तोही बंद असेल तर तिसरा. आणि काहीही झालं तरी कुठे, कधी, का अडलं याची नोंद राहतेच. ती नसेल तर कोड पुढे जाऊच देत नाहीत.

इथे काय झालं? धान्य मिळालं असतं तर छापील पावती निघाली असती. नाही मिळालं, तर काकूंच्या हातात काहीच नाही. उद्या त्या तहसीलला जाऊन "मी गेले होते हो" म्हणाल्या तर पुरावा काय?

आता मशीनला शिव्या घालणं सोपं आहे, पण ते मला करायचं नाही. मशीन येण्याआधीचे दिवस आई सांगते. दुकान कधी उघडेल ते नक्की नाही, "माल आला नाही" हे ठरलेलं उत्तर, आणि रजिस्टरवर कुणाचा अंगठा कुणी उठवला हे देव जाणे. आज पावतीवर किलो छापलेले असतात. २०१९ नंतर हळूहळू देशभर झालेल्या 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे ऊसतोडीला गेलेलं कुटुंब तिकडच्या दुकानातूनही धान्य उचलू शकतं. हे लहान काम नाही.

आणि नियमही वाईट नाहीत. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका, दुसऱ्या ओळखीवर धान्य द्या आणि वेगळ्या रजिस्टरला नोंद करा, असं केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना लिहून कळवलंय. शिवाय २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे हक्काचं धान्य मिळालं नाही तर भत्ता मागता येतो. पण मागणार कशाच्या जोरावर? नकाराचा कागदच नाही!

मोठ्या कुटुंबात एकाचा अंगठा नाही आला तर दुसऱ्याचा चालतो. म्हणजे अडतं ते एकट्या म्हाताऱ्या माणसाचं. ज्याला गरज सर्वात जास्त, त्याच्याकडेच पर्याय सर्वात कमी. अमेरिकेत अशा मदतीचं कार्ड असतं, २००४ पर्यंत ते सगळ्या राज्यांत आलं. किराणा दुकानात साध्या डेबिट कार्डासारखं घासायचं आणि पिन टाकायचा. त्यातही चोऱ्या होतात, कार्डाची नक्कल करून पैसे उडवतात. पण पिन कापूस वेचून झिजत नाही, एवढं खरं.

तर पुढे काय झालं? दुकानदाराने इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच्या जबाबदारीवर १० किलो मोजून दिले. "बाकीचं थंब आल्यावर." काकूंनी त्याला हात जोडले. माणूस भला आहे, वाद नाही. पण ते हात जोडणं मला अजून खुपतंय. सकाळी जो हक्क होता त्याचा दुपारपर्यंत उपकार झाला होता. आणि गल्ल्यावर दुसरा कुणी असता तर? किंवा याच माणसाचं त्या दिवशी डोकं फिरलेलं असतं तर?

माझं मागणं फार मोठं नाही. अंगठा तीनदा फसला की मशीनने आपणहून दुसरा मार्ग समोर आणावा: ओटीपी, डोळ्याचं स्कॅन, नाहीतर ओळखपत्र बघून नोंद. दुकानदाराला तो शोधत बसावा लागू नये. आणि तरीही धान्य नाही दिलं तर तारीख, वेळ आणि कारण छापलेली पावती निघावी. कागद तोच, प्रिंटर तोच. एका प्रोग्रामरचं फार तर आठवड्याचं काम. ती पावती हातात असली की १९६७ या हेल्पलाइनला फोन करताना किंवा तक्रार अधिकाऱ्यापुढे उभं राहताना काकूंना माझ्यासारख्याला बरोबर न्यावं लागणार नाही.

असो. दोन दिवसांनी अंगठा आला म्हणे. चौथ्या प्रयत्नात. मी तेव्हा पुण्याच्या बसमध्ये होतो.